चाकाच्या आंसाचा कारागीर : हेन्री टिमकन

कांहीं वर्षांपूर्वीं उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही कोंकणांतून परत येत होतों. वाटेंत आमच्या जुन्या डिझेल-जीपच्या पुढच्या डाव्या चाकांतून घूं-घूं असा आवाज येऊं लागला. प्रथम तो इतका बारीक होता कीं, मुलांना तो दूरच्या एखाद्या गिरणीचा वाटला. घाट चढूं लागल्यावर मात्र त्याचें गुरगुरणें झालें, व प्रत्येक उजव्या वळणावर तें वाढत चाललें. घाटमाथ्यावर रस्त्याच्या कडेलाच एक लहानसें गॅरेज होतें. तेथें गाडी उभी केली. तेथील वृद्ध मिस्त्रीनें जॅक लावून चाक अधर केलें. एक हात चाकाच्या माथ्यावर व दुसरा तळाशीं धरून त्यानें तें आंतबाहेर हालविलें, आणि टिमकन गेलें एवढेंच सांगून तो पाने आणावयास आंत गेला. बरोबरच्या एका मुलानें टिमकन म्हणजे काय असें विचारलें, तेव्हां मिस्त्रीनें खोक्यांतून एक पोलादी कडें काढून त्याच्या हातावर ठेविलें. टिमकन हें कोणा माणसाचें नांव असेल, ही कल्पना त्या मिस्त्रीला नव्हती. आणि खरें सांगावयाचें तर तोंवर मलाहि त्या माणसाविषयीं फारशी माहिती नव्हती. पुढें ती मिळविली. आज तीच हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहें.

हेन्री टिमकन याचा जन्म १६ ऑगस्ट १८३१ रोजीं उत्तर जर्मनींत ब्रेमेन शहराच्या आसपास झाला. तो जेमतेम सहा-सात वर्षांचा असतां, म्हणजे १८३८ सालीं, त्याचा बाप याकोब हा आपल्या कुटुंबासह समुद्रापलीकडे अमेरिकेस गेला व मिसूरी संस्थानांत शेती करूं लागला. त्या काळीं जर्मनींतून हजारों कुटुंबें अशीच अमेरिकेस जात होतीं. नवी जमीन, अनोळखी भाषा आणि दिवसभर काबाडकष्ट, अशा परिस्थितींत हेन्री लहानाचा मोठा झाला. परंतु त्याचें मन नांगरांत रमलें नाहीं. शेतावर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे त्याचें लक्ष अधिक असे. वयाच्या सोळाव्या वर्षीं त्यानें शेत सोडलें, आणि सेंट लुई शहरांत कास्पर शुर्मायर नांवाच्या गाड्या बनविणाऱ्या कारागिराच्या हाताखालीं तो उमेदवार म्हणून राहिला.

मुलानें वडिलार्जित शेत सोडून परक्याच्या भट्टीपुढें भाता ओढीत बसावें, हें कोणत्या बापाला सहज रुचेल? परंतु सेंट लुई हें शहर त्या वेळीं गाड्यांच्या धंद्याचें माहेरघर होऊं पाहत होतें. मिसिसिपी नदीच्या कांठीं वसलेलें तें शहर म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागाचें प्रवेशद्वार होतें. ऑरेगॉन व कॅलिफोर्निया या दूरच्या प्रदेशांकडे जाणारीं कुटुंबें त्या बाजूनेंच सामानसुमान भरून निघत, आणि पुढें महिनेच्या महिने बैल किंवा खेंचरें जोडलेल्या गाडींतच त्यांचा संसार चाले. वाटेंत आंस मोडला तर सारें कुटुंब माळरानावर अडकून पडे. अशा ठिकाणीं गाडी बनविणाऱ्याच्या हाताला केवढी किंमत असेल, हें सांगावयास नको.

उमेदवारी पुरी करून हेन्रीनें १८५५ सालीं गाड्यांचा स्वतःचा धंदा सुरू केला. त्याच वर्षीं फ्रेडरिका हाइन्झलमन हिच्याशीं त्याचा विवाह झाला. १८६० च्या सुमारास कोलोरॅडोंतील पाइक्स पीक नांवाच्या पर्वताच्या बाजूस सोनें सांपडल्याचा बोभाटा झाला होता, त्या नादानें तोहि तिकडे गेला; पण सोन्यानें त्याला हात दिला नाहीं. पुढें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेव्हां मिसूरीच्या नागरी पलटणींत त्यानें कॅप्टन म्हणून काम केलें. युद्ध संपल्यावर तो पुन्हां आपल्या ऐरणीपाशीं आला. माझ्या मतें त्याच्या चरित्रांतील खरा भाग येथून पुढेंच आहे.

१८७७ सालीं त्यानें घोडागाडीच्या स्प्रिंगेची एक नवी रचना शोधून काढली व तिचें पेटंट घेतलें. हलक्या घोडागाडीस तिकडे बगी म्हणत. बगींत बसणाऱ्याचीं हाडें खडबडीत रस्त्यावर खिळखिळीं होत. टिमकनच्या स्प्रिंगेनें हा त्रास पुष्कळ कमी झाला. इतर कारखानदार त्याच्याकडून परवानगी घेऊन त्याचीच स्प्रिंग आपल्या गाड्यांस बसवूं लागले, व प्रत्येक स्प्रिंगेमागें ठराविक रक्कम त्याला मिळूं लागली. अशा रीतीनें वयाच्या पन्नाशीनंतर तो सधन झाला, आणि १८८७ मध्यें धंदा आवरून कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो येथें समुद्राच्या कांठीं विश्रांति घेण्यास जाऊन राहिला.

परंतु ज्याच्या हाताला हातोड्याची सवय आहे त्याला समुद्राचा वारा किती दिवस पुरणार! कांहीं वर्षांनीं टिमकन सेंट लुईस परत आला, आणि एका जुन्याच प्रश्नाशीं झगडूं लागला. हा प्रश्न आपल्या खेड्यांतील प्रत्येक गाडीवानाच्या ओळखीचा होता.

बैलगाडीच्या चाकाचा मध्यभाग म्हणजे तुंबा. त्या तुंब्याच्या भोंकांतून आंसाचें टोंक आरपार जातें, व चाक निसटूं नये म्हणून टोंकाशीं एक खीळ मारलेली असते. चाक फिरतांना तुंब्याची आंतली बाजू आंसावर सारखी घासते. म्हणून गाडीवान एरंडेलांत भिजविलेल्या चिंध्या व वंगण आंसाला लावतो. वंगण सुकलें कीं गाडी करकरूं लागते, आंस झिजतो, आणि बैलांच्या शक्तीचा बराचसा भाग भार ओढण्यांत नव्हे तर हें घासणें सोसण्यांत खर्च होतो. घासणें टाळावयाचें तर दोन पृष्ठभागांच्या मध्यें लोळणारी वस्तु ठेवावी, ही युक्ति जुनीच होती. जड दगड लांकडी ओंडक्यांवरून लोटीत नेणारे लोक तीच युक्ति करीत. वेल्समधील फिलिप वॉन यानें तर १७९४ सालींच गाडीच्या आंसांत लोखंडी गोळ्या बसविण्याचें पेटंट घेतलें होतें. पुढें दुचाकींत गोळ्यांचीं बेअरिंगें सर्रास आलीं. मग टिमकनला नवें असें काय करावयाचें होतें?

अडचण वळणावर होती. गाडी सरळ चाललेली असतां तिचा भार आंसावर वरून खालीं पडतो. हा भार सरळ दंडगोलाच्या आकाराचे रूळ चांगला सोसतात. परंतु गाडी वळली कीं सारें ओझें एका बाजूस झुकतें, आणि चाकाला आंसाच्या लांबीच्या दिशेनें जबर रेटा बसतो. सरळ रूळ हा आडवा रेटा पेलूं शकत नाहींत. ते टोंकाशीं घासतात, तिरपे होतात व अडकतात. गोळ्यांना थोडाफार रेटा सोसतो, पण त्या अगदीं लहान ठिकाणीं टेंकत असल्यामुळें मालाच्या जड गाडीखालीं त्या व त्यांचीं कडीं लवकर खराब होत. म्हणजे वरचा भार व बाजूचा रेटा ही दोन्ही ओझीं एकाच वेळीं पेलणारें कांहींतरी हवें होतें.

टिमकन व त्याचा भाचा रेजिनाल्ड हाइन्झलमन या दोघांनीं रूळ निमुळते केले. हें काय आहे तें समजण्यासाठीं विद्यार्थ्यांनीं घरीं एक लहानसा प्रयोग करून पाहावा. तळाशीं अरुंद व तोंडाशीं रुंद असा पेला टेबलावर आडवा ठेवून हलकेंच ढकलावा. तो सरळ न जातां गोल फिरूं लागेल. त्याच्या कडा तळाच्या बाजूस तशाच वाढवीत नेल्या असतां ज्या बिंदूंत मिळतील, त्याच बिंदूभोंवतीं तो फिरतो. आतां असे बारके पोलादी पेले आंसाभोंवतीं वर्तुळांत असे बसवावे कीं, त्या सर्वांचे बिंदु आंसाच्या मध्यरेषेवर एकाच ठिकाणीं यावे. मग ते सारे मुळींच न घसरतां आपआपल्या स्वाभाविक मार्गानें लोळत राहतील. आणि त्यांची बाजू उतरती असल्यामुळें वरचा भार व आडवा रेटा हीं दोन्ही ते घेतील. आंतल्या निमुळत्या कड्याला कोन म्हणतात, बाहेरच्या कड्याला कप म्हणतात, व मधल्या रुळांना अंतराअंतरानें धरून ठेवणारा एक पिंजरा असतो. निमुळत्या रुळांची कल्पना याआधीं कोणालाच सुचली नव्हती असें नाहीं. परंतु रोजच्या गाडींत बसेल, झिजेल तेव्हां आवळतां येईल आणि धंदा म्हणून बनवितां येईल अशी तिची रचना या मामाभाच्यांनीं केली. २८ जून १८९८ रोजीं त्यांना तिचें पेटंट मिळालें. त्या वेळीं टिमकनचें वय सदुसष्टाच्या घरांत होतें. आपल्याकडे या वयाचा माणूस नातवंडांना खेळवीत ओसरीवर बसतो.

आवळतां येणें हा जो गुण मीं सांगितला, त्याचें महत्त्व मला त्या घाटमाथ्यावर कळलें. मिस्त्रीनें चाकाच्या मधली टोपी काढली, वांकविलेली पिन ओढून घेतली, नट सोडविला, आणि हब बाहेर काढला. पुढच्या प्रत्येक चाकांत अशीं दोन बेअरिंगें, एक आंत व एक बाहेर, परस्परांकडे तोंड करून बसविलेलीं असतात. नट आवळला कीं निमुळते रूळ आपल्या कपांत किंचित् अधिक खोल शिरतात व झिजेमुळें आलेला सैलपणा निघून जातो. सरळ रुळांत ही सोय नाहीं. मात्र आवळण्यालाहि सीमा आहे. चाक फिरवीत फिरवीत नट घट्ट करावा आणि मग थोडासा मागें घ्यावा, अशी त्याची रीत त्या वृद्धानें मुलांना दाखविली. फार घट्ट केल्यास बेअरिंग तापून जळतें, व सैल ठेविल्यास तें ठोके खाऊन फुटतें.

आमचें बेअरिंग मात्र आवळण्याच्या पलीकडे गेलें होतें. रॉकेलनें धुतल्यावर कपाच्या आंतल्या चकचकीत पृष्ठभागावर बारीक बारीक खड्डे दिसले, आणि कांहीं रूळ उष्णतेनें निळसर पडले होते. येथें मला माझा एक जुना हलगर्जीपणा कबूल केला पाहिजे. त्यापूर्वीं कांहीं महिने दुसऱ्या एका ठिकाणीं मीं हेंच चाक दुरुस्त करविलें होतें. तेथें पैसे वांचविण्याच्या भरांत नवा कोन जुन्याच कपांत बसवूं दिला. कप पितळी सुंभ्यानें ठोकून काढण्यास वेळ लागतो व तो निराळा विकत घ्यावा लागतो, म्हणून मीं मान डोलविली. जुन्या कपाची झीज जुन्या रुळांच्या मापाची होती. नवे रूळ तिच्यावर बसले, आणि खड्ड्यांवरून लोळत लोळत तेहि थोडक्याच दिवसांत बिघडले. कोन व कप हे नेहमीं जोडीनेंच बदलावे, ही गोष्ट मला दुप्पट खर्च करून शिकावी लागली.

त्याहून वाईट गोष्ट पुढें दिसली. आंतलें कडें आंसाच्या टोंकावर घट्ट न राहतां त्याच्यावरच फिरूं लागलें होतें, त्यामुळें आंस एका बाजूनें झिजला होता. कांहीं लोक अशा वेळीं आंसावर छिन्नीचे ठोके मारून तो खडबडीत करतात व त्यावर कडें दाबून बसवितात. आमच्या मिस्त्रीनें तसें करण्यास साफ नकार दिला. त्या ठोक्यांचे उंचवटे थोड्याच मैलांत दबून जातात, आणि कडें पुन्हां मोकळें होतें, असें त्याचें म्हणणें पडलें. तो भाग वेल्डिंगनें भरून लेथवर मापास आणावा किंवा सबंध टोंकच बदलावें, असे दोन मार्ग त्यानें सांगितले. आणि पुढच्या चाकाच्या बाबतींत भरलेल्या आंसावर आपला स्वतःचा भरंवसा नाहीं, हेंहि सांगून टाकलें. दुसरें टोंक तालुक्याच्या गांवाहून येईपर्यंत आम्हांला एक रात्र तेथें काढावी लागली. सकाळीं त्यानें तळहातावर ग्रीस घेऊन तें बेअरिंगच्या रुंद बाजूनें असें दाबलें कीं, प्रत्येक रुळाच्या मधून तें वरच्या अंगास बाहेर येऊं लागलें. बोटानें वरवर फांसलेलें ग्रीस आंत पोंचत नाहीं. पिन मात्र त्यानें जुनी वापरली नाहीं. एवढ्याशा तारेवर चाक अवलंबून असतें.

असो. आपण सेंट लुईस परत जाऊं. १८९९ सालीं टिमकननें आपले पुत्र विल्यम व हेन्री यांसह टिमकन रोलर बेअरिंग अॅक्सल कंपनी काढली. नवीन बेअरिंगसंबंधीं एक गोष्ट नेहमीं सांगण्यांत येते. कंपनीचे आंस बसविलेली एक गाडी जड माल भरून सेंट लुईच्या रस्त्यावरून चालली होती, व तिला दोनच लहानखुरीं खेंचरें जोडलीं होतीं. तें ओझें पाहून मुक्या जनावरांचा छळ होत असल्याच्या आरोपावरून गाडीवानाला पकडण्यांत आलें. चौकशींत तीच गाडी ओढवून दाखविण्यांत आली, तेव्हां तीं खेंचरें तिला सहज ओढीत असल्याचें सर्वांस दिसलें व गाडीवान सुटला. गोष्ट कारखान्याच्या घरचीच असल्यामुळें तिच्यावर थोडें मीठमसाला चढला असेल. पण तिच्यांतील मुख्य मुद्दा खोटा म्हणतां येणार नाहीं. वंगण सुकलेल्या गाडीपुढें माना टाकून चाललेले बैल ज्यांनीं पाहिले असतील, त्यांना या शोधाचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची जरुरी नाहीं.

हा शोध घोडागाडीसाठीं लागला, परंतु त्याचें भाग्य उघडलें तें मोटारीनें. नेमक्या त्याच वर्षांत अमेरिकेंत मोटारगाड्या तयार होऊं लागल्या होत्या. मोटार घोड्याहून जड, तिचा वेग अधिक, आणि वळणावरचा रेटा तर कितीतरी पट मोठा. टिमकन पितापुत्रांनीं वाऱ्याची दिशा ओळखली, आणि विसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं कारखाना सेंट लुईहून ओहायो संस्थानांतील कॅंटन या गांवीं हालविला. जागा विचारपूर्वक निवडली होती. एका बाजूस पिट्सबर्गच्या पोलादाच्या भट्ट्या व दुसऱ्या बाजूस डेट्रॉइटकडील मोटारींचे कारखाने, अशा दोहोंच्या मध्यें हें गांव पडतें. ज्याचें सारें आयुष्य घोडागाड्या बनविण्यांत गेलें, त्यानेंच उतारवयांत त्या गाड्यांना मागें टाकणाऱ्या वाहनासाठीं कारखाना घालावा, याचें मला फार नवल वाटतें. सेंट लुईंतील त्याच्या बरोबरीच्या किती गाडीवाल्यांनीं मोटारीला हंसण्यांतच आपला धंदा घालविला असेल!

कारखान्याचा कारभार मुलांच्या हातीं सोंपवून टिमकन पुन्हां सॅन डिएगोस जाऊन राहिला. तेथेंच १६ मार्च १९०९ रोजीं वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं त्याचें देहावसान झालें.

त्याच्या पश्चात् पहिल्या महायुद्धाच्या काळांत कंपनी आपलें पोलाद स्वतःच गाळूं लागली. आगगाडीच्या कंपन्यांना मात्र हीं बेअरिंगें फार दिवस पटेनात. इंजिनाचें अवाढव्य वजन असल्या लहान रुळांवर राहील यावर त्यांचा विश्वास नव्हता. तेव्हां १९३० सालीं टिमकन कंपनीनें स्वतःच्या खर्चानें वाफेचें एक प्रचंड इंजिन तयार करविलें, त्याच्या सर्व आंसांना निमुळत्या रुळांचीं बेअरिंगें बसविलीं, आणि त्याला ११११ हा क्रमांक दिला. शिकागो येथें शेंकडों टन वजनाचें हें इंजिन रुळांवर उभें करून तीन स्त्रियांनीं दोराला धरून हातांनीं ओढून दाखविलें. त्याचें छायाचित्र त्या काळीं पुष्कळ गाजलें. नंतर निरनिराळ्या रेल्वेकंपन्यांच्या मार्गांवर तें इंजिन चालवून पाहण्यांत आलें, व १९३३ सालीं नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेनें तें विकत घेतलें. कॅप्टन टिमकन तें पाहण्यास हयात नव्हता.

आपल्या देशांतहि या नांवाचा कारखाना बिहारच्या शेजारीं झारखंडांत, जमशेदपूर येथें, आहे. हल्लींच्या नव्या मोटारींत पुढच्या चाकाचें बेअरिंग बहुधा कायमचें बंद केलेलें असतें; तें उघडतां येत नाहीं, आवळतां येत नाहीं, बिघडलें कीं सबंध बदलावें लागतें. जुन्या जीपा, ट्रक व ट्रॅक्टर यांच्या चाकांत मात्र कोन, कप व नट यांची ती जुनी रचना अद्याप आढळते, आणि ती उघडून नीट बसविणारे मिस्त्रीहि अद्याप आहेत.

त्या सकाळीं निघतांना मिस्त्रीनें आमचें बिघडलेलें बेअरिंग फेंकून न देतां मुलांना दिलें. तें हल्लीं आमच्या शाळेंतील प्रयोगशाळेच्या कपाटांत, खालच्या फळीवर ठेविलेलें आहे. कपावरचे खड्डे साध्या भिंगांतून स्पष्ट दिसतात, आणि कोनाच्या कडेवर कोरलेलें नांव, बरेंच पुसट झालें असलें तरी, वाचतां येतें.